असे ठरले

दुबईतल्या एका कॉलेजच्या जुन्या मिनिट्स-बुकात एक इंग्रजी वाक्य आहे. मराठीत त्याचा अर्थ असा : 'पालकवर्गाची अद्याप तयारी नाही, असे वाटले.' कुणाला वाटलं, ते त्यात नाही. ते वाक्य बोलणारा मी होतो, लिहिणारा मी होतो आणि त्यातून बोलणाऱ्याचं नाव काढून टाकणाराही मीच. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनी दोनदा विचारूनही त्यांना नाही.

त्या वाक्यामुळे एका बाईंची खुर्ची गेली. पुन्हा तेच. खुर्ची काही स्वतःच्या पायांनी चालत जात नाही. मी घालवली, आणखी दोघा-तिघांनी हातभार लावला. वाक्य असं दुरुस्त करून घ्यायची शिस्त मला त्याच बाईंनी लावायचा प्रयत्न केला होता. ती अंगात मुरायला माझी पन्नाशी उलटावी लागली.

मी तेव्हा तिशीतला. अल मनखूलला बायको-मुलीसह एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायचो आणि या कॉलेजात रजिस्ट्रार-कम-सेक्रेटरी होतो, म्हणजे अॅडमिशन, टाइमटेबल, सर्क्युलरं आणि मिनिट्स. कॉलेजचे मालक अण्णा मूळचे सांगलीकडचे. लेबर कॅम्पांना जेवण पुरवता पुरवता त्यांच्या लक्षात आलं, की इथल्या आईबापांना बारावीनंतर पोरं इंडियाला पाठवायची जिवावर येतात, मुली तर जास्तच. मग त्यांनी दोन व्हिला भाड्याने घेतले, मधली भिंत पाडली, आणि परदेशातल्या एका विद्यापीठाशी करार करून त्यांची पदवी इथे द्यायला सुरुवात केली. विद्यापीठाची अट एवढीच, की प्राचार्य पीएच.डी. हवा आणि त्याने बाहेर कुठेतरी शिकवलेलं हवं.

मॅडमचा अर्ज फॅक्सने आला. फॅक्सवरचा फोटो म्हणजे काळा ठिपका, तसे सगळ्यांचेच येत. लंडनची डॉक्टरेट, अमेरिकेत अकरा वर्षं शिकवलेलं, नाव अस्सल इंग्रजी. अण्णांनी मनात एक गोरी, चष्मेवाली बाई रंगवली आणि प्राचार्यपदाचं नेमणूकपत्र धाडून दिलं.

त्यांना आणायला विमानतळावर मी आणि परकारभाई गेलो होतो. परकारभाई आमचे पीआरओ. व्हिसा, लायसन्स, लेबर कार्ड यांसाठी सरकारी कचेऱ्यांच्या खेपा घालणारा माणूस. दापोलीकडचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. बाहेर आल्या त्या एक उंच, काळ्याभोर बाई. पिकलेले केस अगदी बारीक कापलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि तेरा तासांच्या प्रवासानंतर त्या शर्टावर एक चुणी नाही. आम्ही त्यांना हॉटेलवर सोडलं. परत निघाल्यावर परकारभाई म्हणाले, "फॅक्सने आयुष्यात पहिल्यांदा फोटो बरोबर छापलान." देऱ्याच्या क्लॉक टॉवरपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. त्या हसण्याबद्दल परकारभाईंनी पुढे स्वतःहून मॅडमची माफी मागितली. मी मागितली नाही. मला त्यात काही केल्यासारखंच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्यांना चहा पाजला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि त्या बाहेर पडताच मला आत बोलावलं. "ते लेटर पुन्हा टाइप कर. प्रिन्सिपलच्या आधी 'अॅक्टिंग' घाल. तसं ठरलंय." चहा पिता पिता ठरलं होतं. मी टाइप केलं. प्रभारी प्राचार्य. चार वर्षं त्या प्रभारी होत्या. माझी मुलगी एकदा कॉलेजच्या गॅदरिंगला आली होती, सात-आठ वर्षांची, स्टेजवर मॅडमना बोलताना बघून तिने विचारलं, "बाबा, इज शी युवर बॉस?" मी म्हणालो, "अॅक्टिंग." मुलीला वाटलं मॅडम नाटकात काम करतात.

त्या गयानाच्या. दक्षिण अमेरिकेत त्या नावाचा देश आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं. त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून नेलेले, आणि शेजारच्या घरातले लोक नंतर बिहारकडून करारावर नेलेले. शेजारच्या म्हातारीला त्या लहानपणापासून 'आजी' म्हणत. तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला तेव्हा मी दचकलो. त्या म्हणाल्या, "मिस्टर सेक्रेटरी, मला तुमच्याकडचे आणखीही शब्द येतात. रंगाचे तर सगळे येतात. त्यामुळे माझ्यासमोर हिंदीत बोलताना जरा जपून." (मॅडम इंग्रजीत बोलत, मी इथे मराठीत लिहितो आहे.) तेव्हापासून आम्ही ऑफिसात त्यांच्यासमोर मराठीत बोलायला लागलो. जपून राहायची आमची कल्पना तेवढीच होती.

त्यांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी कॉलेजात पुष्कळ. सगळ्यात प्रसिद्ध ती 'प्रदक्षिणा'. अॅडमिशनच्या मोसमात कुणीतरी पालक यायचे, ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या मॅडमना बघायचे आणि विचारायचे, प्रिन्सिपल कुठे आहेत. एकदा मीना बाजारात कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ सहकुटुंब आले. मॅडम म्हणाल्या, "चला, शोधू या." मग त्यांना घेऊन त्या लायब्ररीत गेल्या, दोन्ही लॅबमध्ये गेल्या, मुलींच्या कॉमनरूममध्ये, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, प्राचार्य दिसले का? मुलांना सराव झालेला. "आत्ताच इथून गेल्या, मॅडम," असं अगदी सरळ चेहऱ्याने सांगायची. जून महिना, गृहस्थ घामाने निथळलेले. शेवटी मॅडम आपल्या केबिनमध्ये आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सापडल्या. बोला."

या प्रदक्षिणेवर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. एका दिवशी ती त्यांना चारदा करावी लागली. संध्याकाळी सही घ्यायला गेलो तर बूट काढून बसलेल्या, टाच सुजलेली. मी म्हणालो, मॅडम, सरळ सांगून टाकत जा ना. त्या म्हणाल्या, "सांगून पाहिलंय, तीन देशांत. आवाज चढला तर मी तापट काळी बाई होते. आवाज नाही चढला तर माझ्यामागे कुणी गोरा उभा आहे का ते वाकून बघतात. फिरवलं की निदान त्यांना लायब्ररी तरी दिसते."

त्यांच्या पर्समध्ये सगळ्या पदव्यांच्या अटेस्टेड प्रती असायच्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. आपल्या बायकांच्या पर्समध्ये हळदीकुंकवाची पुडी असावी तशा कायमच्या. बँकेत, इस्पितळात, एकदा तर अण्णांच्या भाच्याच्या लग्नाच्या रिसेप्शनला कुणीतरी थट्टेने 'डॉक्टर म्हणजे कसल्या' म्हणाल्यावर बिर्याणीची प्लेट बाजूला ठेवून त्यांनी फोल्डर काढला. मंडळी खो खो हसली. आमच्या उपप्राचार्यांकडे, जे इंग्लंडचे होते, पीएच.डी. नव्हती. चार वर्षांत त्यांना कुणी साधं एम.ए.चं सर्टिफिकेटही विचारलं नाही. मी रजिस्ट्रार, फायली माझ्याकडे. त्यांच्या फायलीत पदवीची प्रतच नव्हती. हेही मी कधी कुणाला बोललो नाही.

वेळेचं त्यांचं वेड असंच. अण्णांकडे जुमैराला गणपती बसायचा, आरतीला सगळ्या स्टाफला बोलावणं. एका वर्षी आम्ही तयारीला लवकर गेलो होतो; माझी बायको गॅलरीतून येऊन मला म्हणाली, "अहो, तुमच्या त्या मॅडम पाऊण तास गाडीत बसून आहेत. बोलवा ना आत, उकडून मरतील." मी गेलो. त्या काच खाली करून म्हणाल्या, "निमंत्रण साडेसातचं आहे." सव्वासात झाले होते. मी म्हणालो, आमच्यात साडेसात म्हणजे साडेआठ. त्या म्हणाल्या, "तुमच्यात. तुम्ही उशिरा आलात तर तुम्हाला उशीर झाला. मी उशिरा आले तर 'ती माणसं' उशिरा आली. एवढ्या सगळ्यांचा उशीर मी एकटीने कसा करू?" साडेसातला त्या आत आल्या, गणपतीसमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या, मोदक हातात घेऊन कळ्या मोजल्या आणि बायकोला विचारलं, एकवीसच का?

त्या गोड स्वभावाच्या होत्या असा कुणी समज करून घेऊ नये. कौतुकाच्या बाबतीत हात आखडता. कुणी आभार मानले तर ऐकू न आल्यासारखं करायच्या. आणि काळ्या मुलींशी तर वाईटच वागायच्या. एक सुदानी मुलगी होती, हुशार. तिचा एकच निबंध त्यांनी तीनदा परत केला, चौथ्यांदा ती जिन्यात बसून रडली. मी धीर करून म्हणालो, असाच निबंध मीना बाजारवाल्याच्या मुलाचा तुम्ही पहिल्या फटक्यात पास केलात. त्या म्हणाल्या, "त्याला चुकायची सवलत आहे. हिला नाही. ती हे इथे शिकली तर माझ्यावर चिडेल. बाहेर शिकली तर मोडेल." मला ते क्रूर वाटलं. आजही वाटतं. पण क्रूर कुणाचं? एका बाईने मुलीला जगापासून वाचवायला स्वतःच आधी जगासारखं व्हावं, ही पाळी तिच्यावर आणली कुणी? आम्ही त्यांना विक्षिप्त म्हणायचो. वेळेचं वेड, कागदांचं वेड, प्रदक्षिणेचं वेड. एकाही वेडाचा उगम त्यांच्यात नव्हता. सगळी आमची होती. राहायला फक्त त्यांच्याकडे आली होती.

आणि आम्ही कोण? पासपोर्टचा रंग बघून पगार ठरतो म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी एकमेकांच्या घरी चहा पीत तळतळणारे लोक. गोऱ्याला बंगला आणि मला शेअरिंग फ्लॅट, कारण काय, तर कातडी, असं म्हणणारे. हे खरंही होतं. पण आम्ही रांगेत दुसरे-तिसरे उभे राहून रांग मोडायचं बघत नव्हतो. आपल्यामागे कोण आहे तेवढं बघून खूश होत होतो.

आता ते 'ठरलं' प्रकरण.

माझं प्रत्येक सर्क्युलर मॅडमकडून हिरव्या शाईत एक प्रश्न होऊन परत यायचं : 'कुणी?' 'एसी चोवीसवर ठेवण्याचे ठरविण्यात आले आहे.' कुणी? 'नाराजी व्यक्त करण्यात आली.' कुणी? कंटाळून मी एकदा लिहिलं, 'एसी चोवीसवर ठेवायचे अण्णांनी ठरवले आहे.' मॅडमनी लगेच सही केली. तासाभरात अण्णांचा फोन : "अरे, माझं नाव कशाला घातलंस? पोरं माझ्या नावाने बोंबलतील ना." मी मॅडमना हे सांगितलं. त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. "बघा, एका नावाने केवढा फरक पडतो."

मग त्यांनी विचारलं, की तुम्ही आणि अण्णा फोनवर सारखा एक शब्द म्हणता, ठर-लं, त्याचा अर्थ काय. मी म्हणालो, निर्णय झाला. कुणी घेतला? मी म्हणालो, मॅडम, मराठीत तसं सांगावं लागत नाही, 'ठरलं' म्हटलं की झालं. काच फुटली, दूध सांडलं, लग्न ठरलं, उशीर झाला. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. "फोडणारा नाही, सांडणारा नाही. मग तुमच्या भाषेत नोकरी करणं फारच सुरक्षित असेल." मी हसलो. मराठी मुळाक्षरांपासून शिकलेला माणूस मी, आणि माझ्या भाषेवर केलेलं हे सर्वांत अचूक विधान गयानाच्या बाईचं.

इंग्रजी मिनिट्समध्येही मी तेच करायचो. 'इट वॉज फेल्ट', असे वाटले. ऑफिसातला जुना माणूस हेच शिकवतो : नाव घालू नकोस, उद्या कुणी विचारायला आलं तर तुझा हात अडकायला नको.

चौथ्या वर्षी कॉलेजची स्वतःची इमारत उभी राहिली, आणि विद्यापीठाने कळवलं की आता प्रभारी नको, कायम प्राचार्य नेमा. बोर्डाची मीटिंग लागली. मॅडमनी चार वर्षांत मुलं तिप्पट केली होती. विद्यापीठाचे तपासनीस दोनदा येऊन वाहवा करून गेले होते. आम्ही सगळे धरून चाललो होतो की 'अॅक्टिंग' जाणार, इन्शाल्ला. परकारभाईंनी तर मिठाई कुठून आणायची तेही बोलून ठेवलं होतं.

खोलीत पाच जण. अण्णा, लोकल पार्टनरचा, म्हणजे कायद्याने लागणाऱ्या इथल्या अरब भागीदाराचा पुतण्या, इंग्रज उपप्राचार्य, लायसन्सच्या कामासाठी परकारभाई, आणि मिनिट्स घ्यायला मी. विषय मॅडमचा म्हणून मॅडमना बाहेर बसवलेलं. अण्णा म्हणाले, मॅडमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, पण नवी इमारत, नवा चेहरा. चेहरा हा शब्द त्यांनी वापरला. उपप्राचार्य टेबलाकडे बघत बसले, नम्रपणे. पुतण्या मोबाइलवर. मग अण्णा एकदम मराठीत माझ्याकडे वळले. "तू रोज पालकांत असतोस. तूच सांग. आपल्या लोकांना चालतं का?"

मला खरं उत्तर माहीत होतं. त्याच महिन्यात तो मीना बाजारवाला धाकट्या मुलीला घेऊन आला होता आणि म्हणाला होता, वो मॅडम है ना अभी? है तो ही फॉर्म दो. असे त्या मोसमात निदान दहा-बारा जण. पालक मॅडमसाठी येत होते. मी 'चालतं' म्हणू शकत होतो. काहीच न बोलता लिहीत राहू शकत होतो, मिनिट्स घेणाऱ्याने बोलायचं नसतंच. पण अण्णा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना काय ऐकायचंय ते त्यांच्या भुवयांवर लिहिलेलं होतं. मी म्हणालो, "पालकांना जरा जड जातं, अण्णा."

हे केवढं मवाळ वाक्य आहे. कुणाला दुखवत नाही, कुणावर आरोप नाही. जड जातं. नुसतं खोटं आहे.

अण्णांनी इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं, पालकांची तयारी नाही असं कळतं. पुतण्या म्हणाला, खलास, म्हणजे झालं, विषय संपला. उपप्राचार्य कायम प्राचार्य झाले; पीएच.डी.ची अट विद्यापीठाने त्यांच्यासाठी एका पत्रावर सोडली. मी लिहिलं : असे वाटले. परकारभाई माझ्याकडे बघत होते. खोलीत मराठी कळणारे आम्ही तिघेच.

मॅडमना मिनिट्सची प्रत गेली. त्या स्वतः माझ्या टेबलाशी आल्या, उभ्या राहिल्या. विद्यापीठाकडे दाद मागायला दोन आठवडे होते, आणि नियम असा की कुणी काय म्हणालं ते नावानिशी द्यायला हवं. मग तो माणूस विद्यापीठासमोर येतो, पुरावा दाखवतो, नाहीतर वाक्य मागे घेतो. दाखवायला पुरावा कुणाकडेच नव्हता. अॅडमिशनचे फॉर्म उघडले असते तर त्या नोंदीच उलट बोलल्या असत्या. एक नाव मिळालं असतं तर त्या जिंकल्या असत्या.

"कुणाला वाटलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, सगळ्यांनाच, मॅडम. हाउसची एकंदर भावना.

"भावनेला मी विद्यापीठासमोर उभं करू शकत नाही. मला एक नाव द्या. भांडण मी करीन, तुमचं नाव कुठे येणार नाही. तुम्हाला विचारते, कारण त्या खोलीत ज्याला काही नको होतं असे तुम्ही एकटेच होतात."

मला काही नको होतं, हे खरं नव्हतं. मला अण्णांना आवडायचं होतं. बढती नाही, काही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी त्यांनी 'ये रे, बस' म्हणावं. एवढ्या स्वस्तात मी हे केलं. मी म्हणालो, मला नक्की आठवत नाही, मॅडम.

मग त्यांनी परकारभाईंना विचारलं. परकारभाई म्हणाले, "मॅडम, नाव मला माहीत आहे. मी सांगणार नाही." खोटं बोलायला त्यांना जमलं नाही. आणि झालं काय, की खोटं बोलणारा मी निर्दोष ठरलो आणि खरं बोलणाऱ्यावर संशय गेला. ठरलो नाही. मी त्यांना तसं ठरवू दिलं. त्या दिवसानंतर मॅडम परकारभाईंशी कामापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. त्याआधी दर शुक्रवारी नमाजानंतर त्या परकारभाईंच्या घरी जेवायला जायच्या. त्यांच्या बायकोकडून सांदण शिकल्या होत्या.

परकारभाई मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाले, "मी सांगितलं तर ती चुगली. तू सांगितलंस तर कबुली. दोन आठवडे आहेत. जा, सांग." मी म्हणालो, सांगतो. दोन आठवडे गेले. मॅडमनी नावाशिवाय अर्ज पाठवला. विद्यापीठाचं उत्तर आलं : तपशिलाअभावी विचार करता येत नाही. परकारभाईंनी मला पुन्हा काही विचारलं नाही. त्यांना वाटलं असतं तर एका वाक्यात स्वतःला सोडवलं असतं. त्यांनी मला सांभाळलं, आणि मी त्यांना सांभाळू दिलं.

मॅडमनी नोकरी सोडली. त्यांचा निरोपसमारंभ जूनमध्ये झाला. नव्या इमारतीत, समोसे आणि ज्यूस. अण्णांचं भाषण मी लिहिलेलं. त्यात मी आपली म्हण इंग्रजी करून घातली होती : टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मॅडमनी आयुष्यभर घाव सोसले, संकटांनी त्यांना घडवलं, आमच्या मुलींनी त्यांचा आदर्श घ्यावा, वगैरे. मला ते वाक्य सुचलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. इतका निर्लज्ज माणूस मी.

मॅडम उठल्या.

"म्हण चांगली आहे," त्या म्हणाल्या. "एकच विचारते. टाकी कुणाच्या हातात होती?"

लोक हसले. त्या थांबल्या, हसणं संपेपर्यंत.

"घावांनी मला घडवलं नाही. मला आईने घडवलं, गावच्या शाळेतल्या एका बाईंनी घडवलं, आणि एका सार्वजनिक लायब्ररीने. घावांनी माझा वेळ खाल्ला. त्या वेळात मी काय केलं असतं ते तुम्हाला कधी दिसणार नाही. मलाही नाही. तेव्हा माझ्या मुलींनो, कुणी तुम्हाला म्हणालं की दुःखाने तू मोठी झालीस, तर आभार मानू नका. त्याचे हात बघा."

टाळ्या झाल्या. नव्या प्राचार्यांनी सर्वांत जोरात वाजवल्या. मी माझे हात टेबलाखाली घेतले.

आज कुठेही, 'खडतर वाटेवरून पुढे आलेल्या स्त्रिया' असा लेख किंवा समारंभ दिसला की मला संताप येतो. वाट खडतर असते म्हणे. जणू ती डोंगरातली. कुणीतरी एकेक दगड आणून टाकलेला असतो, आणि टाकणारा पुढे जाऊन हार घेऊन उभा असतो. मला ठाऊक आहे, मी हार आणला होता.

तीन वर्षांनी, ईमेल घरोघरी आलं तेव्हा, मॅडमचं पत्र आलं. त्या गयानाला परतल्या होत्या, तिथल्या एका छोट्या कॉलेजच्या प्राचार्य होत्या. पुढे कंसात : 'अॅक्टिंग नाही.' लिहिलं होतं, की इथल्या तरुण शिक्षिका मला विचारतात, आपल्याविरुद्ध बोललं गेलं तर काय करायचं. मी त्यांना सांगते, नाव शोधा. पण माझ्या स्वतःच्या गोष्टीत एक जागा कोरी आहे. माझा संशय परकारवर आहे. तो मला आवडायचा, त्याच्या घरी मी जेवले आहे, म्हणून मला चूक करायची नाही. तो होता का? हो किंवा नाही, एवढंच कळवा. मी आता भांडणार नाही.

मी उत्तर दिलं नाही. एका शब्दात सुटणारा प्रश्न होता, आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी काय घेतला असेल ते मला पक्कं माहीत आहे. परकारभाईंना या पत्राबद्दल मी सांगितलं नाही. ते दापोलीला परत गेले, आता थकलेत, मोतीबिंदूमुळे फोनवरचं नाव वाचता येत नाही, नातू लावून देतो. मॅडमचा विषय ते काढत नाहीत. गेल्या ईदला मीच काढला, सहज म्हणून, तर म्हणाले, "बाई भली होती. माझ्यावर रागावून गेली, पण भली होती."

मॅडम हयात आहेत. निवृत्त झाल्यात, पत्ता तोच आहे, मी त्या कॉलेजला विचारून खात्री केली आहे. मी त्यांना एक उत्तर देणं लागतो : नाही, परकारभाई नव्हते, मी तुमच्याबद्दल खोटं बोललो आणि परकारभाई गप्प राहिले ते माझ्यासाठी. त्याची एक प्रत मी दापोलीला देणं लागतो, परकारभाई आहेत तोवर; नातू त्यांना ती वाचून दाखवेल.